यादीबाहेरच्या घरापर्यंत

लोहा, कंधार, मुखेड हा नांदेड जिल्ह्याचा बालाघाटाच्या डोंगरांनी व्यापलेला पट्टा. नांदेडहून लातूरला जाणारा रस्ता लोह्यावरून आणि खंडोबाच्या माळेगावावरून पुढे जातो. या भागात समाजकार्य करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. कोणी मुलींच्या शिक्षणाचे पाहते, कोणी पाणलोटाचे, कोणी आरोग्य शिबिरे घेते, कोणी एकल महिलांचे बचतगट बांधते. बहुतेक संस्था लहान: दोन-तीन पूर्णवेळ कार्यकर्ते, एखादी दुचाकी, भाड्याची खोली आणि दरवर्षी धर्मादाय कार्यालयात दाखल करायचे हिशेब. अशा संस्थेने लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी इंटरनेटवरच्या माहितीचा उपयोग कसा करावा, हा या प्रस्तावनेचा विषय आहे. विषय ऐकायला शहरी वाटतो. पण त्याची खरी गरज लोह्यासारख्या तालुक्याला आहे, आणि त्याचे चीज होण्याची शक्यताही इथेच जास्त आहे, असे माझे मत आहे.

संस्थेचे काम गावात ओळखीच्या वाटेने शिरते. एखादा शिक्षक मित्र असतो, एखाद्या सरपंचाचा निरोप येतो, डांबरी रस्त्यालगतचे गाव सोयीचे पडते. पहिल्या शिबिराला आलेली माणसेच दुसऱ्या शिबिराला येतात आणि काही वर्षांत उपस्थितीची वही भरून जाते. त्या वहीत खोटे काही नसते. पण कोण आले, एवढेच ती सांगते. कोण कधीच आले नाही, हे कळायला दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कारणासाठी केलेली यादी शेजारी ठेवावी लागते. अशा याद्या आज सरकारी संकेतस्थळांवर गावागावांच्या नावाने उपलब्ध आहेत. त्या उघडायला पैसे लागत नाहीत आणि कोणाची शिफारसही लागत नाही. वाचकांनी या क्षेत्रात शिरताना हा एक धागा हाती धरावा: ऑनलाइन माहिती घ्यायची ती आपल्या यादीत नसलेली माणसे शोधायला.

आधी मोजायचे, नोंदवायचे आणि मग काम करायचे, ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यावरचे पुस्तक 1917 साली प्रसिद्ध झाले. पुढे 1930 साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी प्रत्यक्ष पाहण्यांची भक्कम परंपरा उभी केली. मराठवाड्याने हा धडा आपत्तीत गिरवला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतरच्या पुनर्वसनात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणले. सरकारची माहिती घराघरात न्यायची आणि घराघरातली अडचण सरकारपर्यंत पोहोचवायची, असे त्यांचे काम. तेव्हा हाती मोबाइल नव्हता, पण माहितीने दोन्ही दिशांनी वाहिले पाहिजे ही जाण पक्की होती. आपल्याच जिल्ह्यात बिलोली तालुक्यातल्या सगरोळीची संस्कृती संवर्धन मंडळ ही संस्था 1959 पासून शिक्षणाचे आणि ग्रामविकासाचे काम करीत आली आहे. कृषी विज्ञान केंद्रही ती चालवते. नवख्या कार्यकर्त्याने आपण उसन्या शास्त्राकडे निघालो आहोत असे समजू नये. हे शास्त्र इथल्या मातीत आधीच रुजलेले आहे.

माहिती आज खुली आहे, ती कोणाच्या कृपेने नव्हे. 2005 हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याच्या कलम 4 ने कार्यालयांनी कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी असे बंधन घातले. त्याच वर्षी राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा झाला. त्याचे मूळ वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत आणि 1977 च्या राज्य कायद्यात आहे. 2005 च्या केंद्रीय कायद्यामुळे ग्रामपंचायतनिहाय हजेरीपट ऑनलाइन दिसू लागले. आणि त्याच वर्षी 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी सुरू झाली. मराठवाड्यातल्या सामान्य कुटुंबांना ऑनलाइन नोंदींची ताकद मात्र अलीकडे अगदी जवळून दिसली. 2023 साली मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाल्यावर मोडी आणि उर्दूतल्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या आणि आजवर संगणकाला हात न लावलेली माणसे आपल्या गावाचे नाव शोधत बसली. ज्या भागात आजोबा-पणजोबांची नोंद नातवाच्या मोबाइलवर शोधली गेली, तिथे आकडेवारी लोकांना परकी वाटेल असे मानण्याचे कारण नाही.

सुरुवात जनगणनेपासून करावी. 2011 च्या जनगणनेचे तक्ते गावनिहाय मिळतात: कुटुंबे किती, स्त्रिया-पुरुष किती, सहा वर्षांपर्यंतची मुले किती, अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या किती, साक्षर किती, शेतमजूर किती. गावात शाळा, दवाखाना, बस आहे का आणि नसल्यास किती दूर, हेही जिल्हा जनगणना पुस्तिकेत सापडते. नांदेड जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या सुमारे 33 लाख 61 हजार होती. जिल्ह्याचा आकडा भाषणाला उपयोगी, कामाला उपयोगी पडतो तो गावाचा. समजा, तुमची संस्था लहान मुलांच्या पोषणाचे काम करते आणि पंधरा गावांत तुमची नोंदवही आहे. वहीतली मुले आणि तक्त्यातली मुले शेजारी-शेजारी लिहून पाहा. आकडे जुने असल्याने ते तंतोतंत जुळणार नाहीत. पण एका गावात वहीतली मुले तक्त्याच्या निम्मी आणि दुसऱ्या गावात जेमतेम पाचवा हिस्सा, असे दिसले तर दुसऱ्या गावात काहीतरी राहून गेले असावे, एवढा इशारा नक्की मिळतो. काय राहिले, ते तक्ता सांगत नाही. त्यासाठी त्या गावात मुक्काम करावा लागतो.

आता याच तक्त्याची दुसरी बाजू पाहू. ती नीट समजली तर या क्षेत्राचे निम्मे मर्म कळले असे मी म्हणेन. 2011 ची लोकगणना 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. आपल्या भागात कोणालाही विचारा, फेब्रुवारीत ऊसतोडीची कुटुंबे कुठे असतात? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन निघालेले कोयते, म्हणजे तोडणीची जोडपी, त्या दिवसांत दूरच्या साखर कारखान्यांच्या फडांत असतात आणि हंगाम संपला की परततात. गणनेच्या संपूर्ण काळात जो माणूस घरापासून दूर आहे, त्याची नोंद तो जिथे असेल तिथे करायची, असा जनगणनेचा नियम. म्हणजे आपल्या वाड्या-तांड्यांवरची कितीतरी माणसे दुसऱ्या जिल्ह्यांच्या खात्यावर जमा झाली असणार. तक्त्यातला आकडा खोटा नाही, तो फेब्रुवारीचा आहे. तुमचे शिबिर जून महिन्यात असेल तर तुम्हाला भेटणारे गाव वेगळे आणि जानेवारीत असेल तर वेगळे. प्रत्येक आकडा कोणत्या महिन्यात, कोणी, कोणासाठी गोळा केला, हे विचारण्याची सवय वाचकांनी पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. रोजगार हमीचे महिनेवार अहवाल इथे चांगले सोबती ठरतात. कोणत्या महिन्यात कोणत्या ग्रामपंचायतीत कामाची मागणी झाली हे पाहिले, की गावात मजूर कधी असतात याचा अंदाज येतो.

तांड्यांची गोष्ट आणखी वेगळी. अनेक बंजारा तांडे स्वतंत्र महसुली गाव नसल्याने जनगणनेच्या तक्त्यात मूळ गावाच्या आकड्यात मिसळून जातात. गाव साक्षर दिसते, गावाला शाळा आहे असे दिसते, पण दोन किलोमीटरवरच्या तांड्याचे काय, हे त्यातून दिसत नाही. अशा वेळी शाळांची यादी उघडावी. 'युडायस' या शाळांच्या सरकारी नोंदणीत प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो आणि जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा तांड्याच्याच नावाने नोंदलेल्या असतात. जनगणनेत न दिसणारी वस्ती शाळेच्या यादीत सापडते ती अशी. शाळेचे प्रगतिपत्रक उघडले की सर्वांत वरचा वर्ग कोणता, खोल्या किती, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हे एका पानावर येते. मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थेने यातली एकच गोष्ट आधी पाहावी: शाळा चौथी-पाचवीला संपते की सातवी-आठवीला, आणि पुढची शाळा कोणत्या गावात आहे. त्या दोन गावांमधल्या रस्त्यावर बस धावते की नाही, हे कळले की घरोघर जाऊन शिक्षणाचे महत्त्व सांगायचे, की एस.टी.च्या आगारात अर्ज घेऊन जायचे, याचा निर्णय करता येतो. पुष्कळदा दुसरेच काम निकडीचे निघते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्याच्या पातळीवर थांबते. तिच्या पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातले काम 2019 मध्ये, म्हणजे कोरोनाच्या आधी झाले. अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांचे प्रमाण राज्यात 21.9 टक्के आणि आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात 48 टक्के, बीडमध्ये 43.7 टक्के, असे त्यात दिसले. हे आकडे वाचून कोणीही अस्वस्थ व्हावे. पण ते गावाला लावता येत नाहीत. 'अमुक गावात निम्म्या मुलींची लग्ने लहानपणी होतात' असे जिल्ह्याच्या आकड्यावरून म्हणणे गावावर अन्याय करणारे आहे आणि असे म्हणणाऱ्या संस्थेला त्या गावात पुन्हा कोणी बसायला सतरंजी टाकणार नाही. जिल्ह्याचा आकडा प्रश्न दाखवतो, तालुक्याचा आणि गावाचा दिशा दाखवतो, आणि घर कोणते ते तिथली अंगणवाडीताई किंवा आशाताईच जाणते.

पावसाची माहिती तर संस्थांनी वापरायलाच हवी, आणि ती फारच कमी वापरली जाते. महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय पाऊस रोज प्रसिद्ध होतो. 'महावेध' प्रकल्पाने मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. चोवीस तासांत 65 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरतात. एकाच तालुक्यात सोनखेडकडे ढग फुटल्यासारखा पाऊस आणि माळेगावकडे नुसती भुरभुर, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. आपत्तीत मदतीच्या गाड्या बातमीत नाव आलेल्या गावांकडे वळतात. मंडळनिहाय तक्ता पाहणारी संस्था बातमीत न आलेल्या गावाला त्याच दिवशी फोन करू शकते. उन्हाळ्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी आहेत. ही यंत्रणा 1972 च्या दुष्काळाच्या साली स्थापन झाली. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. विहिरींची पातळी त्याच्या कितीतरी आधीपासून खाली जात होती आणि कागदावर नोंदली जात होती.

इथवर दुसऱ्यांनी गोळा केलेली माहिती झाली. आपल्या स्वतःच्या मोबाइलमध्ये साठणारी माहितीही वाचायला शिकावे. संस्थेचे फेसबुक पान कोण पाहते, हे तिथल्या आकड्यांत शहरांच्या नावांसह दिसते. लोह्याच्या संस्थेचे पान पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद इथून पाहिले जात असेल तर निराश होऊ नये. ती आपल्याच गावांतून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आहेत. त्यांच्यासाठी कामाचा हिशेब, पुस्तकांची गरज, शाळेच्या खोलीचा फोटो टाकावा, ते मदत पाठवतील. गावातल्या बाईला शिबिराची तारीख कळवायला मात्र ते पान कामाचे नाही. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्टचेही असेच. ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्याला तो निरोप पोहोचतच नाही. दोनशे नावांची यादी करून निरोप पाठवल्यावर माणसे का आली नाहीत, याचे उत्तर अनेकदा इतके साधे असते. गावात गेल्यावर पत्रक वाटण्याआधी समोरच्याच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर नावासह साठवून द्यावा. आणि गुगलवर लोक काय शोधतात हे सांगणारी साधने लोह्यासारख्या तालुक्यासाठी फारशी उपयोगी नाहीत. इतक्या लहान भागाचे आकडे त्यांत उमटत नाहीत. त्यांच्या मागे वेळ घालवू नये.

त्यातही फोन कोणाच्या हातात आहे हे विसरून चालत नाही. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया 54 टक्के होत्या. कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष 57.1 टक्के, तर स्त्रिया 33.3 टक्के. तेव्हापासून घरोघर फोन वाढले आहेत, पण घरातला फोन दिवसा बहुधा पुरुषासोबत शेतात किंवा बाजारात असतो. म्हणून ऑनलाइन माहिती नीट वाचली की ती कधी कधी आपल्याला मोबाइल बाजूला ठेवायला सांगते. दवंडी, शाळेतल्या मुलांच्या वहीतली चिठ्ठी, किराणा दुकानाच्या भिंतीवरचा कागद, हेही संपर्काचेच मार्ग आहेत. मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या यात्रेचा तर प्रत्येक संस्थेने विचार करावा. घोडे, गाढवे, उंट, बैल यांच्या बाजारासोबत तिथे भटक्या समाजांची पाले पडतात. ज्यांचे नाव कोणत्याही गावाच्या यादीत सहजासहजी सापडत नाही, ती कुटुंबे त्या दिवसांत एका माळावर भेटतात. लसीकरण, दाखले, मुलांचे शाळाप्रवेश यांसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आता थोडे जपून बोलावे असे काही. माहिती खुली असणे वेगळे आणि ती गावभर फिरवणे वेगळे. रोजगार हमीच्या हजेरीपटावर मजुराचे नाव कायद्याने दिसते, कारण त्याची मजुरी कोणी खाऊ नये. तेच पान उचलून 'गरीब कुटुंबांची यादी' म्हणून व्हॉट्सअॅपच्या गटात टाकणे हा त्या मजुराचा अपमान आहे. आधार कार्डाचे फोटो, बँकेचे पासबुक, एकल महिलेचा पत्ता, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या मुलांची छायाचित्रे, आजाराची नोंद, हे सारे कार्यकर्त्याच्या फोनमध्ये पडून राहू नये. 2023 साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा झाला. त्यामागचे तत्त्व लहान संस्थेलाही पेलण्यासारखे आहे: कशासाठी हवी ते सांगून, संमती घेऊन, लागेल तेवढीच माहिती घ्यावी आणि काम झाले की पुसून टाकावी. ज्या बाईची माहिती आपण लिहून घेतो, ती आपल्या शेजारच्या खोलीत बसलेली आहे असे समजून फाइल उघडावी. मला वाटते, या क्षेत्रातली सारी नीती त्यात आली.

प्रत्यक्ष काम एका प्रश्नापासून आणि एका तक्त्यापासून सुरू करावे. 'आमच्या पंधरा गावांत कोणत्या वस्तीतून आजवर एकही मूल आलेले नाही?' एवढा प्रश्न पुरे. एक्सेलचे एक पान घ्या आणि प्रत्येक ओळीत एक वस्ती लिहा. गाव लिहिताना नावाशेजारी केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा क्रमांक जरूर लिहा, कारण पिंपळगाव आणि माळेगाव महाराष्ट्रात जागोजागी आहेत आणि तीच नावे इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. क्रमांक नसेल तर दोन याद्या जोडताना एका गावाची मुले दुसऱ्या गावाच्या नावावर चढतात. मग जनगणना, शाळा, अंगणवाडी आणि तुमची वही, असे चार रकाने भरा. रिकामा रकाना दिसला की तिथे खूण करा. आणि हे पान संस्थेच्या कपाटात न ठेवता ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा. 'आमच्या गल्लीत एवढी घरे नाहीत', 'ते तिघं भाऊ वेगळे झाले', 'त्या तांड्यावर आता कोणी राहत नाही', असे लोक सांगू लागतात आणि बघता बघता तुमचा तक्ता सरकारच्या तक्त्याहून अचूक होतो. गावाने दुरुस्त केलेल्या त्या पानाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. ते गावाचेच आहे.

हे सारे शिकायला यापेक्षा चांगली वेळ नाही. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 ठरला आहे, म्हणजे पुन्हा एकदा मोजणी ऊसतोडीच्या हंगामात येणार. ज्या संस्थांकडे आपल्या वाड्या-तांड्यांची, स्थलांतरित कुटुंबांच्या संख्येची आणि ती कोणत्या भागात जातात याची स्वतःची नोंद असेल, त्या नवे आकडे प्रसिद्ध झाल्यावर ते डोळस नजरेने वाचू शकतील आणि आपल्या गावाची किती माणसे दुसरीकडे मोजली गेली याचा अंदाज तहसील कार्यालयापुढे मांडू शकतील. ही नोंद कुटुंबे गावात असतानाच करावी लागते. दसऱ्याआधीचा महिना त्यासाठी उत्तम. मुकादमांच्या उचली वाटून झाल्या, की दारांना कुलपे लागायला वेळ लागत नाही.